विसावं मिनिट

अकरा वर्षं मी एकच नारिंगी भरत आले.
विसाव्या मिनिटाला राक्षस फुटायचा,
त्याचा तो रंग. नंबर झोपेतही पाठ.

यंदा कुराहाशी म्हणाले, स्फोट नको.
राक्षस नदीकाठी बसेल, आणि बोलेल.
ओगिकुबोच्या त्या कोंदट खोलीत
आम्ही टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या.
मी राखाडीच्या चौदा छटा काढल्या
त्याच्या एका संध्याकाळीसाठी.

पण तो बोलणार काय, ते कुणी लिहिलंच नव्हतं.
राक्षस बसला. पाणी वाहिलं.
म्हणाला, "एकटं वाटतं."
पुढच्या भागातही तेच म्हणाला.
त्याच्या पुढच्या भागात नुसतं पाणीच.

रविवारी सकाळी सैतामात, बहिणीकडे,
भाचा इओरी पडद्यापुढे उभा, मूठ वर करून.
घड्याळ न बघता त्याला विसावं मिनिट कळतं.
मूठ तशीच राहिली.
नावं सरकली, त्यात माझंही, बारीक.
"मावशी, झालं?"
"झालं."
दुसऱ्या हातानं त्यानं कोपर धरलं,
दुखत असावं.

दहाव्या भागात तलवार परत आली.
खेळण्यांच्या कंपनीचा फोन होता म्हणे.
कुराहाशी माझ्याकडे न बघता म्हणाले,
तोच नारिंगी.

भरताना हात किती सैल, किती सुखात चालला,
त्याचीच लाज वाटली जास्त.

चौदा राखाडी पुसल्या नाहीत मी.
फाइलला नाव दिलंय: नदी, अजून.