घरी आणि गावात

इंगळे आकडा लपवताना चष्मा पुसतात.
चार अंक, एकही दुबार नाही.
दिवसाला एकच अंदाज, डब्याच्या वेळी,
झाशी रोडवरच्या आमच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर.
चिठ्ठी पेन्शनच्या फायलीत सरकवायची,
चार वाजता उत्तर परत.

अंक बरोबर, जागाही बरोबर: तो घरी.
अंक बरोबर, जागा चुकली: तो गावात.
बाकीच्यांची चौकशी नाही.

पहिल्या हिवाळ्यात मी सारखी हरायचे.
आवडलेल्या आकड्यावर झडप घालायचे,
जुन्या स्कूटरचा नंबर, लग्नाची तारीख,
आणि आठव्या-नवव्या दिवशी हात टेकायचे.
इंगळे गजकचा तुकडा मोडून पुढे करत.
"जल्दी काय आहे? जिंकायला नका विचारू.
असं विचारा, की मी काहीही बोललो
तरी तुमची यादी अर्धी व्हावी."
हे पटायला दोन मार्च गेले.
मग मुद्दाम चुकायला शिकले मी.
खोटा ठरणार हे ठाऊक असलेला आकडा
नीट घडी घालून पाठवायला.

त्या आठवड्यात धुकं असं, की किल्ला चार दिवस गैरहजर.
सोमवारी १२३४. गावात एक.
मंगळवारी ५६७८. गावात एक.
म्हणजे उरलेले दोघे, नऊ आणि शून्य, पक्के.
खुशीत एक पोळी जास्त खाल्ली.
बुधवारी ९१५०. गावात तीन.
गुरुवारी ०९१६. गावात दोन.
रात्री गॅसवर दूध ठेवून यादी केली.
सहा आकडे. फक्त सहा.
दूध उतू गेलं.
शुक्रवारी त्यातलाच एक, ३५०९.
उत्तर आलं: घरी दोन.

पाच असायलाच हवा होता.
पाचाशिवाय बुधवार खरा होत नव्हता,
आणि पाच असता तर दोनावर भागलं नसतं.
यादीत कुणीच उरलं नाही.

मी ऑडिटमधली बाई. बेरीज जुळेना की
आधी स्वतःवर संशय, मग कागदावर,
माणसावर अगदी शेवटी.
शनिवारी सगळं परत मांडलं,
एकेक दिवस बोटाने झाकून पाहिला.
बुधवार झाकला
आणि सहा आकडे उठून बसले. वेगळेच सहा.

बुधवारची चिठ्ठी शोधून काढली.
'तीन' पेन्सिलीने लिहिलेलं.
इंगळ्यांच्या खिशाला पेन्सिल कधी पाहिली नाही.
आठवलं, त्या दिवशी डबा
न उघडताच परत गेला होता.

सोमवारी आक्षेप नोंदवला नाही.
चिठ्ठीवर आकड्याच्या जागी लिहिलं: बुधवार?
चार वाजले. फाईल परत आली नाही.
साडेपाचला जिन्यात
मफलर सोडत, बांधत, परत सोडत म्हणाले,
"हेरंब. घरी नाही."
मधे तीन-चार लोक उतरून गेले, नमस्कार करून.
"गावातही नाही."

पडावच्या टपरीवर बसलो.
मी गजकच्या पुड्याचा कागद मांडीवर सरळ केला.
आग्रा, झाशी, भोपाळ, इंदूरचा मामा,
दतियाचा तो मित्र, ज्याचं आडनाव आठवत नव्हतं.
इंगळे इंदूरलाच फोन लावायला निघाले.
मी फोनवर तळहात पालथा घातला.
"जल्दी नको. इंदूर तुम्हाला आवडतंय, म्हणून आधी."
असं काय विचारता येईल, कुणाला,
जे 'नाही' आलं तरी
निम्मा कागद पुसून जाईल?

चहावर साय धरली.
बाहेर टेम्पोवाले ओरडत होते, हजीरा, हजीरा.
माझ्या पर्समध्ये ते सहा आकडे होते,
आजही आहेत, त्यांचं मी काही विचारलं नाही.
इंगळ्यांनी चष्मा काढला, मफलरनेच पुसला,
डोळ्यांवर ठेवायचा मात्र विसरले.
"सर्टिफिकेटांची फाईल," ते म्हणाले.
"कपाटात, वरच्या खणात.
नेली की ठेवून गेला,
मी बघितलंच नाही अजून."