वाढ थांबेपर्यंत

मोकपोच्या दवाखान्यात डॉक्टर ब्योन
मुन-सॉकच्या हाताचा एक्स-रे काढतात.
दुखणं जबड्याचं, फोटो मनगटाचा.
पहिल्यांदा मला हसू आलं होतं.
त्या म्हणाल्या, हाडं एकमेकांची वेळ सांगतात.
बोटांच्या सांध्याशी ही काळी रेघ आहे ना,
ती बुजत नाही तोवर
खालचा जबडा पुढे सरकत राहणार.

वरचे दात मागे, खालचे पुढे.
माझे तसेच. माझ्या बापाचेही.
हुकसान बेटावर याला कुणी आजार म्हणत नाही,
कुणाचा तू ते ओळखतात, एवढंच.

पण नूडल्स त्याला पुढच्या दातांनी तुटत नाहीत,
आई न बोलता वाडग्यात कात्री फिरवते.
हसताना तो तोंडापुढे मूठ धरतो.
मूठ माझी. बघून उचललेली.

आठव्या वर्षी शाळेतून चिठ्ठी आली होती.
तेव्हा टाळूची शिवण कच्ची होती;
कपाळाला नि हनुवटीला टेकणारा रात्रीचा मुखवटा
रबरांनी वरचा जबडा पुढे ओढत राहिला असता,
कदाचित पुरलंही असतं.
हंगाम पाकटांचा. आठवडाभर समुद्रात,
मग वादळ, मग इंजिन.
वाढेल तसं बसेल जागेवर, म्हणालो.
वाढलं.

भरती कधी फिरते ते मी झोपेतही सांगेन.

आता ऑपरेशनच. पण आत्ता नाही.
वाढत्या हाडाला कापलं तर ते पुन्हा पुढे जाईल.
दर सहा महिन्यांनी डॉक्टर जुना नि नवा आराखडा
खिडकीच्या काचेवर एकावर एक धरतात:
निळी रेघ, लाल रेघ,
हनुवटीपाशी तांदळाएवढी फट.
"लागोपाठ दोनदा जुळू देत, मग बोलू."

जाळ्यांच्या खोपीत दाराच्या चौकटीवर
त्याच्या उंचीच्या पेन्सिलखुणा आहेत.
पूर्वी खूण वर गेली की त्याला खांद्यावर घेऊन
धक्क्यापर्यंत मिरवायचो.
हल्ली डोक्यावर पट्टी टेकवताना
मनात म्हणतो, तिथेच राहा रे, तिथेच.
कुठल्या बापानं असं मागितलं असेल?

काल परतीच्या बोटीवर त्यानं विचारलं,
"आप्पा, तुमचं का नाही केलं?"
वारा फार होता. मूठ तोंडावरून काढावी लागली.
"आमच्या वेळी वेळच नव्हती रे,"
म्हणालो, आणि दोघंही हसलो
दात दाखवून,
खालचे.