आडवा छेद

सकाळी आठच्या व्याख्यानाला
आम्ही सगळ्या शाली घेऊन बसतो.
बाहेर चव्वेचाळीस, आत सोळा.
डॉक्टर शम्सा पडद्यावर पेशीचं दार उघडतात:
सोडियम बाहेर, पोटॅशियम आत,
तिनाला दोन, तिनाला दोन,
आणि मागच्या बाकावर कुणीतरी
शिंक दाबतं.

जिना उतरून काचेचं दार ढकललं
की चष्म्यावर वाफ धरते.
प्रयोगशाळेपर्यंतची ऐंशी पावलं
मी रोज न बघता चालते.
पायांना पाठ आहेत.

आजचा नमुना कुर्मच्या खाडीतला.
मस्कतमध्ये वाढूनही मला लहानपणी वाटायचं,
कुर्म म्हणजे कासव.
झुवैना हसते. कुर्म म्हणजे हेच झाड,
अख्ख्या वस्तीला त्याचं नाव.
तिच्या आजोबांचे उंट हा पाला खायचे,
दूध खारट लागायचं म्हणे.

मी पान उलटं करते.
खालून राखी, बारीक लव.
प्रयोगशाळेत काहीही जिभेला लावायला मनाई आहे.
मी लावते.

अगं, हे तर तिवर!
मराठीतच निघालं तोंडून.
आमच्याकडे कुणाचं काम रखडलं की आई म्हणते,
शिरली होडी तिवरात.
मालवण सोडून तिला सव्वीस वर्षं झाली,
होडी अजून शिरतेच आहे.

गाजराला चीर पाडायची, चिरेत पान धरायचं,
ब्लेड स्वतःकडे ओढायचं.
पंधरा छेद घेतले, चौदा जाड.
पंधरावा पाण्यात पडला आणि दिसेचना.
बेबीचन, काचसामान सांभाळणारे,
मागून म्हणाले, दिसत नाही ना, तोच घे.

सॅफ्रनिनचा थेंब. वर झाकणकाच,
तिरकी टेकवत, हलकेच, बुडबुडा न येऊ देता.
बुडबुडा आलाच.
त्याची काळी कड मी दहा मिनिटं
मीठग्रंथी समजून काढत बसले होते.

बाबा समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात.
रात्रपाळीहून येतात तेव्हा
पंप अजून कानात चालू असतात,
म्हणून आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलतात.
मी ओरडूनच सांगितलं:
या झाडाची मुळं बहुतेक मीठ दारातच अडवतात,
उरलेलं पान घामासारखं बाहेर टाकतं.
मोटर नाही, पडदे धुवायचे नाहीत.
'दाब किती?' बाबांनी विचारलं.
मला माहीत नव्हतं.
पुस्तक काढलं, बोट फिरवलं,
तीस ते साठ वातावरणं.
ते भात कालवायचे थांबले.
'म्हणजे आमच्याइतकाच की.'
मग बऱ्याच वेळाने, ताट उचलताना:
'आणि पाळीवर कोण असतं?'

सत्रपरीक्षेला प्रश्न आला.
या झाडाचं बी फांदीवरच का रुजतं?
आकृतीसह. पाच गुण.
मी लिहिलं, आईच्या अंगावर असतानाच मोड फुटतो,
मग ते गळतं, भरतीबरोबर वाहतं,
जिथे चिखल धरेल तिथे उभं राहतं.
मी इथल्याच इस्पितळात जन्मले,
तरी दर दोन वर्षांनी माझ्या राहण्यावर
नवा शिक्का लागतो,
हे लिहिलं नाही. विचारलं नव्हतं.
आकृती शिसपेन्सिलीने, छटा न देता,
नावांच्या रेषा एकमेकींना न छेदता.

चार मिळाले.
समासात शम्सा बाईंचं लाल, बारीक अक्षर:
किती पटींनी मोठं करून दाखवलंस,
ते लिहायचं राहिलं.