बारा वेढे

एदुविना कार्कामोच्या टेबलावर
केबलचे चार तुकडे, फेराइटचं एक काळं कडं
आणि रेमिहिओनं पोराहाती धाडलेली चिठ्ठी:
‘काल पुन्हा. रोझरीचं तिसरं रहस्य चालू,
आणि चर्चच्या भोंग्यातून तू.
काय बोललीस कळलं नाही,
पाण्यात बुडालेलं बदक बोलावं तसं.
पण हेल तुझाच.’

तीस वर्षं ती किंचाओ बेटावर नर्स होती.
रेडिओवरून लाँच मागवायची:
बाईला कळा सुरू, भरती किती वाजता?
आणि बटण सोडून थांबायची.
आता रात्री चाळीस मीटरवर
कुणाकुणाला इथला वारा सांगते.

केबलच्या पोटात दोघं चालतात, तिला ठाऊक आहे.
एक गाभ्यातून जातो,
दुसरा जाळीच्या आतल्या अंगानं परततो,
मापाला माप, तक्रार नाही.
तिसरा जाळीच्या बाहेरच्या कातडीवरून येतो
चिखलाच्या पायांनी,
आणि शेजाऱ्याच्या भोंग्यात जाऊन बसतो.
कडं त्याच्यासाठी.
आतल्या दोघांना ते आहे हेही कळत नाही.

पण कड्यातून बारा वेळा जाणार कोण?

पहिली अंगठ्याएवढी जाड.
एका वेढ्यातच अडली.
मोडेन पण वाकणार नाही.
‘मग तू डांबावर सरळ चढ,’ एदुविना म्हणाली,
‘तिथं तुझ्यासारखीच लागते.’

दुसरीच्या पोटात फेस. बोट लावावं तिकडे वळणारी.
बारा वेढे झालेसुद्धा, चहा गार व्हायच्या आत.
मग तिला गेल्या हिवाळ्यातला तुकडा आठवला,
हिच्याच जातीचा, चुलीमागच्या भिंतीवर
आवळून गुंडाळलेला.
ब्लेडनं आडवा कापला तर
गाभा मधोमध नव्हताच,
वळणाच्या आतल्या बाजूला
गुपचूप सरकत सरकत
जाळीच्या शेजारी जाऊन टेकलेला.
मऊ लागलं म्हणून कोपरानं खणायचं नसतं.
तिनं बाराही वेढे उलगडले.

तिसरी बाल्दोमेरोच्या लाँचवरची.
जाळी खाऱ्या हवेनं हिरवी पडलेली.
मोजायचं कारण नव्हतं, तरी मोजली.
खणात ठेवली परत.

चौथी तपकिरी, पेन्सिलीहून बारीक,
आत टेफ्लॉन, वर चांदीच्या मुलाम्याची दुहेरी जाळी.
डाग देताना वितळत नाही,
वाकते, पण गाभा जागा सोडत नाही.
दीड मीटरसाठी प्वेर्तो माँतच्या दुकानदारानं
एवढे पैसे घेतले
की त्यात बटाट्याचं बियाणं आलं असतं.
‘घेतलं असतं आणि लावलं असतं
आणि कुणी खाल्लं असतं?’ ती कड्याला म्हणाली.

वेढे मोजायला आकडे नाही वापरले तिनं.
लिनलिन, केनाक, मेउलिन,
आलाओ, आपियाओ, काग्वाच:
ज्या ज्या बेटावरून होडी आली होती.
सहा झाल्यावर कड्याच्या पलीकडे उडी,
आणि तीच बेटं परत, उलट्या क्रमानं,
पेशंट घरी सोडत आल्यासारखी.

रविवारी ती वाऱ्याबद्दल तासभर बोलली.
सोमवारी पोरगा चिठ्ठी घेऊन आला.
रेमिहिओचंच अक्षर, घाईतलं:

‘काल भोंगा गप्प.
बायका विचारत होत्या,
नर्स बरी आहे ना?’