शिल्लक

भूल फक्त कातडीपुरती.
देवाजी पराते जागे आहेत,
कवटीची खिडकी उघडी.
हिरव्या कापडाच्या अलीकडे बसून
मी एकेक चित्र धरते.

छत्री. बैल. कुलूप.
"धोटा," म्हणतात, आणि हसतात,
चाळीस वर्षं पाचपावलीत मागावर.

मग संत्रं.
सरांची विजेची तार कुठेतरी टेकते,
ओठ नुसते हलतात.
नागपूरच्या माणसाला संत्रं सापडेना.

तार उचलली.
"संत्रं हाय ना बाई, काऊन इचारता?"

सरांनी तिथे कागदाचा आकडा ठेवला, सात.
तांदळाएवढी गाठ
शब्दालगत तशीच सोडली.

वर्षभर सूक्ष्मदर्शकाखाली मी
बर्डीवरून आणलेल्या कोंबडीच्या पंखांतल्या शिरा
केसाहून बारीक दोऱ्याने शिवत होते.
हात थांबवायचा सराव
कशावर करतात?