निळा कुठे उतरतो

तंबाखूचं बी चिमटीत येत नाही.
ओल्या दातकोरणीच्या टोकाला चिकटतं एकेक,
उंबऱ्यावरच्या धुळीएवढं,
आणि मी श्वास धरून ते थाळीतल्या जेलीवर टेकवते.
पाषाण, दुसरा मजला, डिसेंबर.
खिडकीबाहेर टेकडी धुक्यात अर्धी बुडालेली.

या बियांत एक परका जनुक आहे,
आतड्यात राहणाऱ्या जिवाणूचा.
(नाक मुरडू नका, तो जिवाणू तुमच्यातही आहे.)
मातीतल्या दुसऱ्या एका जिवाणूच्या पाठुंगळी बसून
तो पानात शिरला.
तो मातीतला हे काम फार जुन्या काळापासून करतोय,
कुठल्याही समितीची सही न घेता.

जनुक झाडाला काही देत नाही.
ना गोडी, ना किडीवरचं विष.
ठरावीक रसायन पाजलं की निळा होतो,
इथे आहे, इतकंच सांगतो.
तेही स्वतःच्या मर्जीने नाही.
शब्द जिवाणूचा,
पण कधी बोलायचं, कुठल्या पेशीत, किती वेळ,
हे दारावर बसवलेला दरवान ठरवतो,
आणि दरवान आम्ही भाताच्या मुळातून आणलेला.

म्हणून तिसऱ्या दिवशी फक्त मुळाचं टोक निळं,
टाचणीच्या टोकाएवढं.
पाचव्या दिवशी दोन्ही दलं उघडली
आणि कोरी.
नवव्या दिवशी मुळाच्या अंगावर ठिपके,
जिथे अजून फांदी फुटलेली नाही
पण फुटणार आहे, तिथे.
मी ते बराच वेळ पाहत राहिले.
चहा गार झाला.

एकविसाव्या दिवशी पान निळं झालं.
पान व्हायला नको होतं.

सदतीस अंशाला रात्रभर, मग अल्कोहोलमध्ये,
हिरवा निथळून जातो, पान ट्रेसिंग पेपरसारखं उरतं,
आणि त्या पांढऱ्यावर, एका कडेने,
शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी रेघ.
सर म्हणाले, भेसळ असेल. पुन्हा कर.
पुन्हा केलं. पुन्हा रेघ.
जनुक नसलेल्या रोपांची पानं शेजारच्या नळीत स्वच्छ पांढरी.
वहीत मी लिहिलं, कारण अज्ञात,
आणि खाली दोनदा ओढून खोडलं.

हरितगृहातले निम्हण मामा नळ्या न्यायला आले,
एक नळी उजेडाकडे धरली,
चष्मा कपाळावर सरकवला.
"बोरसे ताई, दुसरीकडं कुठंच नाही.
तुम्ही कातर लावली तिथंच निळं आलंय."

दोन वर्षं मी त्या कात्रीने पानं कापतेय,
नळीत मावावीत म्हणून.

दुपारी ऑटोक्लेव्हचं झाकण घाईत उघडलं.
मनगटावर वाफ आली
आणि तोंडातून "व माय!" निघालं,
अख्ख्या प्रयोगशाळेत, खणखणीत.
सात वर्षं पुण्यात आहे.
इथे सगळे मला इथलीच समजतात,
मीही "अय्या" म्हणते, "चालेल" म्हणते,
फोनवर आईशीसुद्धा हल्ली अर्धंमुर्धं बोलते.
बर्फ शोधत निम्हण मामा विचारत होते, "ताई, कुठल्या हो तुम्ही?"
"शिरपूरकडची," म्हटलं,
आणि हसू आलं, मनगट जळत असताना.

संध्याकाळी एक पान रोपावरच राहू दिलं.
सुईने त्याला एकदाच टोचलं,
वेळ लिहिली, पाच वाजून दहा.
आता दर तासाला एकेक पान.
सुतारवाडीची शेवटची बस चुकणार, चुकू दे.
अकराला पहिला निळा दिसला,
सुईच्या भोकाभोवती, बांगडीसारखा गोल,
बाकी पान गप्प.

वहीतली ती खोडलेली ओळ
मी तशीच ठेवली आहे.