गोंगाटाचा पत्ता

तक्रार एका ओळीची होती:
पाचपावलीच्या टॉवरला महिन्याभरापासून
काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

माशाच्या काट्यासारखा अँटेना हातात धरून
मी गल्लीत शिरलो. पोरं मागे लागली,
"काका, याच्यात मॅच दिसते का?"
मे महिना. पंचेचाळीस.
खिडकीखिडकीत कूलर, वाळ्याचा ओला वास,
अन् त्यांच्या मोटरींची बारीक खरखर
माझ्या पडद्यावर गवतासारखी.
ते नव्हे. मला गवतातला ताड हवा होता.

देवळापाशी काटा चढला, पिठाच्या गिरणीपाशी पडला.
मागे वळलो. पुन्हा चढला.
गोंगाटाला पत्ता नसतो असं लोकांना वाटतं.
असतो.
दारावर खडूनं लिहिलेलं असतं: सोनकुसरे.

गच्चीवर बूस्टर. सहा हजारांचा, बिल नाही.
ऐकणारा अँटेना अन् बोलणारा अँटेना
एकाच पाइपाला, दोन वितींवर बांधलेले.
म्हणजे आपलंच बोलणं आपल्याच कानात,
तेच पुन्हा तोंडातून, अजून मोठ्यानं,
होता होता शब्द संपतात, नुसती शिट्टी उरते
अन् त्या शिट्टीखाली अख्खी वस्ती मुकी.

बाई म्हणाल्या, "माझा लोकेश पोलंडात असते जी.
रविवारी बोलते. तेवढंच तं.
त्याच्यानं दुसऱ्याचं काऊन बिघडून राहिलं?"

सांगता आलं असतं,
की जवळचा फोन कुजबुजतो, लांबचा जरा जोरात,
टॉवर क्षणाक्षणाला म्हणत असतो, तू हळू, तू थोडं वाढव,
कोणीच वरचढ नाही म्हणून सगळे पोचतात.
मी म्हणालो, "मावशी, पंगतीत एकानं ताट बडवलं
तर वाढप्याला कोणाचंच 'भात' ऐकू येत नाही."
"हाव. पण भुकेल्यानं करावं काय?"

याला माझ्या फॉर्मात रकाना नाही.

वायर काढली. ताड पडला, गवत राहिलं.
सील, पंचनामा. साक्षीदार शेजारचे पौनीकर.
तक्रार त्यांचीच होती;
सही करताना ते जमिनीकडे बघत होते.

मग बाईंचा फोन घेऊन मी घरभर फिरलो.
स्वयंपाकघरात शून्य. बंद मागाच्या खोलीत शून्य.
जिन्याच्या सातव्या पायरीवर, जिथं वीट निघालीय,
एक दांडी. दोन.
खडूनं फुली मारली. "इथं बसा. हळू बोललं तरी पोचते."

रविवारला चार दिवस होते. त्या तरी बसल्या.
खाली पौनीकरांचा फोन वाजला.
बराच वेळ त्यांनी उचलला नाही.